नव्या पंपाची थरथर

माझा धाकटा भाऊ मुळातच कमी बोलणारा. वडील बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो, त्यामुळे यंत्रांची ओढ त्याला घरातून मिळाली असं सगळे म्हणायचे. तसं काही नव्हतं. घरी आल्यावर वडिलांना वर्कशॉपचा विषयच नको असायचा. भाऊ जे शिकला ते आपलं आपणच शिकला. इंजिनिअर होऊन तो शहराबाहेरच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि तिथे त्याच्या डोळ्यांदेखत एका पंपाचं बेअरिंग चालता चालता जाम झालं. सील फुटलं आणि उकळतं पाणी एका फिटरच्या पायांवर आलं. माणूस वाचला, पण पुन्हा कामावर आला नाही.

त्या दिवशी भाऊ घरी येऊन नुसता बसून राहिला. आईने ताट वाढलं तरी हलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, बेअरिंग एका दिवसात जात नाही गं. पंप आधीपासून सांगत असणार. आम्हाला कळलं नाही एवढंच."

पुढची काही वर्षं त्याने या एकाच गोष्टीमागे घालवली. त्यातून तयार झाली ती आम्ही घरात जिला नुसतं 'डबी' म्हणायचो ती. तळहाताएवढी, अ‍ॅल्युमिनियमची, खाली लोहचुंबक. पंपाच्या अंगाला ती चिकटवून ठेवायची. आधी काही दिवस ती गप्प राहून त्या पंपाचा स्वभाव शिकून घ्यायची, त्याची थरथर किती, तापतो किती. मग त्यात काही वेगळं दिसू लागलं की फोनवर कळवायची. अशी यंत्रं बाजारात होती, पण मोठ्या कारखान्यांनाच झेपतील अशी. ही लहान माणसालाही घेता आली असती.

मी तेव्हा इलेक्ट्रिकल मालाच्या एका कंपनीत विक्री बघत होते. भावाला गिऱ्हाइकापुढे दोन वाक्यं सलग बोलता येत नसत, म्हणून त्याने नोकरी सोडली तेव्हा मीही माझी सोडून त्याच्याबरोबर उभी राहिले. वडील तोवर गेले होते. आई एवढंच म्हणाली, "दोघांनी एकदम सोडायलाच हवी का?" पण नंतर तिनेच आमच्या खोलीवर जाऊन पूजा केली, नारळ फोडला.

खोली मकरपुऱ्यात, एका लेथच्या कारखान्याच्या वर होती. खाली लेथ सुरू झाले की आमची जमीन हलायची. थरथर मोजणाऱ्या माणसाला याहून वाईट जागा मिळाली नसती. खालच्या कामगारांची जेवणाची सुट्टी झाली की भाऊ घाईघाईने मोजमापं उरकायचा आणि स्वतः नंतर थंड डबा खायचा. मी दिवसभर स्कूटरवरून कारखाने पालथे घालायचे. सगळीकडे एकच उत्तर. "बहु सरस छे, बेन. पण आधी कुणाकडे लागलीय ते सांगा." कुणालाच पहिलं व्हायचं नव्हतं.

अशात एका पंप बनवणाऱ्या कंपनीने आपला ओपन इनोव्हेशनचा उपक्रम जाहीर केला. कंपनी जुनी, बडोद्यातल्या कुणालाही माहीत असलेली. आजवर सगळं आपल्याच चार भिंतींत शोधायचं अशी तिची रीत होती. आता नव्या, लहान कंपन्यांनी आपल्या कल्पना घेऊन यावं, आमच्या शेडमध्ये, आमच्या पंपांवर त्या वापरून बघाव्यात, जमलं तर पुढे बरोबर धंदा करू, असं आवाहन होतं. आमच्यासारख्यांना आणखी काय हवं होतं? पहिलं गिऱ्हाईक आणि चाचणीची जागा, दोन्ही एकदम.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये आमच्यासारखे बरेच जण होते. आमची पाळी यायच्या आधी भाऊ घामाघूम झाला होता आणि मी त्याला हळू आवाजात म्हणत होते, "तू फक्त डबी पंपावर ठेव. बाकी मी बोलते." मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "नाही, त्यालाच बोलू दे. बनवणाऱ्याकडून ऐकायला आवडतं मला."

उपक्रमाचे प्रमुख ते हेच. पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्मा. सगळी नोकरी त्यांनी याच कंपनीत काढली होती. आम्ही बडोद्याचेच म्हटल्यावर त्यांनी कुठले ते विचारलं आणि आपण नागरवाड्यातले, पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते, असं सांगितलं. "आता फौजही नाही नि घोडेही नाहीत. आम्ही पंप विकतो," म्हणाले. भाऊ हसला. मग तो पुढे जाऊन जेवढं बोलला तेवढं मी त्याला आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

आमची निवड झाली. कंपनीचा एक नवा पंप नुकताच बाजारात येत होता, जुन्याहून हलका आणि कमी वीज खाणारा. त्यावर आमची डबी कारखान्यातच बसवून द्यायची आणि 'आपली तब्येत आपण सांगणारा पंप' म्हणून तो मोठ्या प्रदर्शनात मांडायचा, असा बेत ठरला. त्याआधी टेस्ट शेडमध्ये चाचणी. काही नवे पंप आणि काही जुने शेजारी शेजारी चालवायचे, सगळ्यांवर डब्या.

ते दिवस चांगले होते. आता लिहिताना मुद्दाम हे लिहितेय, कारण नंतरच्या गोष्टींनी ते दिवसही काळवंडून गेले. भाऊ सकाळी माझ्या आधी तयार असायचा. दुपारी उपक्रमाचे हे साहेब आम्हाला गेटाबाहेरच्या गाडीवर सेव-उसळ खायला न्यायचे आणि उभ्या उभ्या पाव बुडवत भावाला प्रश्न विचारायचे. आमच्यासाठी ते साहेबांचे 'काका' कधी झाले ते कळलंही नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा काकूंनी भावाला आग्रह करकरून वाढलं आणि मला हळूच म्हणाल्या, "हे इतके खुशीत मी बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते. ऑफिसात यांना कुणी विचारत नाही गं आता. हे काम मिळालं म्हणून बरं."

चाचणी काही आठवडे चालल्यावर भाऊ गप्प गप्प झाला. जुन्या पंपांवरच्या डब्या शांत होत्या. नव्या पंपांवर मात्र थरथर वाढत चालली होती, थोडी थोडी, पण सगळ्यांवर सारखीच. त्याला पहिला संशय आपल्याच डब्यांवर आला. त्याने जुन्या पंपांवरच्या डब्या काढून नव्यांवर लावल्या, नव्यांवरच्या जुन्यांवर. पंपांखालचे बोल्ट तपासले. दोन पंपांच्या जागा बदलून घेतल्या. काही फरक पडला नाही. दोष पंपातच होता. बेअरिंग ज्या घरात बसतं ते घर, म्हणजे हाउसिंग, वजन कमी करण्यासाठी पातळ केलं होतं. पूर्ण भारावर तापलं की ते एका बाजूने किंचित हलत होतं आणि बेअरिंग झिजत होतं.

"आत्ता काही होणार नाही," भाऊ काकांना म्हणाला. "पण हे पंप लवकर जाणार. सगळे."

काकांनी त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "हे तुम्ही कुणाला सांगू नका. मी सांगतो. तुम्ही सांगितलंत तर बाहेरचे येऊन आमच्या पंपाला नावं ठेवतात असं होईल."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला त्रास होईल."

"मी यांच्यातलाच आहे," ते म्हणाले. "माझं ऐकतील."

मीटिंगला आम्हालाही बोलावलं. बोलणं हिंदी-गुजरातीत झालं. समोर डिझाइन विभागाचे प्रमुख होते. नवा पंप त्यांचा. त्यासाठी ते कितीतरी वर्षं झटले होते, हे काकांनीच आम्हाला सांगितलं होतं. ते चिडले वगैरे नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि भावाला शांतपणे विचारलं, "तुझ्या डबीने सांगितलं आणि खरोखरच निकामी झाला, असा हा पंप तू किती वेळा बघितलास?"

भाऊ म्हणाला, "अजून एकदाही नाही."

"म्हणजे अंदाज आहे."

"थरथर अंदाज नाही, सर. ती मोजलेली आहे. पुढे काय होणार तो अंदाज."

मला आजही वाटतं, प्रश्न रास्त होता आणि उत्तर प्रामाणिक होतं. पण त्या खोलीत प्रामाणिक उत्तराने आमचं सगळं संपवलं. काका म्हणाले, मग निकामी होईपर्यंत चालवून बघू, त्यात काय मोठं. त्यावर विक्रीचे साहेब म्हणाले, पंप विकायला सुरुवात झालीय, प्रदर्शन तोंडावर आलंय, आता थांबायचं कसं? मग त्यांनीच तोडगा काढला. डबीने इशारा कधी द्यायचा ती मर्यादा जरा वर सरकवा. म्हणजे एवढ्या थरथरीला ती बोलणार नाही. प्रदर्शन होऊन जाऊ द्या, बाकीचं सावकाश बघू.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने विचारलं, "सर, मग ती डबी कशाला लावायची?"

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. काका आतच थांबले. काचेतून मला दिसत होतं, ते उभे राहून बोलत होते आणि बाकीचे टेबलाकडे बघत होते.

दोन दिवसांनी चाचणी बंद झाली. कारण दिलं ते असं की डबीची वाचनं, म्हणजे तिने मोजलेले आकडे, भरवशाची नाहीत. डब्या परत मिळाल्या. वाचनं मात्र कराराप्रमाणे कंपनीचीच होती, ती तिथेच राहिली. प्रदर्शनात नवा पंप डबीशिवाय मांडला गेला आणि चांगला विकला गेला.

खरा मार पुढे बसला. मी ज्या ज्या कारखान्यात गेले तिथे लोकांना आमची चाचणी झाल्याचं ठाऊक होतं. ते आपले ओळखीने कंपनीत फोन करून विचारायचे. तिकडून आमची कुणी निंदा करायचं असं नाही. फक्त सांगायचे, "मुलं हुशार आहेत. वाचनं बरोबर येत नव्हती." एका कारखानदाराने तर आधी होकार दिला होता. त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने चहा पाजला, आईची चौकशी केली आणि म्हणाला, "बेन, तुम्ही मराठी लोक खरं बोलता म्हणून विचारतो, ते का थांबले?" मी खरं सांगितलं. त्याने मान डोलावली. पण मला कळलं, माझं खरं त्याला हरलेल्या माणसाच्या तक्रारीसारखं ऐकू येत होतं. एवढी मोठी कंपनी खोटी आणि लेथवरच्या खोलीतली भावंडं खरी, हे कोण मानणार?

खोली सोडली. भाऊ कित्येक महिने घरातच होता. दाढी वाढली. आई त्याला देवदर्शनाला चल म्हणायची, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा मी रागाने म्हटलं, "दुसरीकडे नोकरी तरी बघ." तो म्हणाला, "मुलाखतीत विचारतील ना, आधी काय केलं. काय सांगू?" मी माझ्यापुरती पुन्हा विक्रीची नोकरी धरली, जुन्या जागेपेक्षा कमी दर्जाची.

काकांचं काय झालं ते आम्हाला काकूंकडून कळलं. ते सोडून द्यायला तयार नव्हते. मीटिंगमागून मीटिंगमध्ये तोच विषय काढायचे. मग उपक्रमाची 'फेररचना' झाली आणि त्यांना सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तिथे त्यांना काम नव्हतं. पूर्वी ज्यांना बघून लोक खुर्चीतून उठून उभे राहायचे, त्यांना आता हमालसुद्धा ओलांडून जायचे. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यानंतर काही महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं.

ही बातमी ऐकून भाऊ पहिल्यांदा अंथरुणातून उठला. दाढी केली आणि नागरवाड्यात गेला. त्यानंतर दर रविवारी जायचा. काकांना उठवून बसवायचा, नखं कापून द्यायचा, पेपर वाचून दाखवायचा. काकू म्हणायच्या, "पोटचा असता तर याहून काय वेगळं केलं असतं?" मला मात्र दोघांना तसं बसलेलं पाहवत नसे. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

पुढे भावाने कामही धरलं. सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका एजन्सीत. इंजिनिअर मुलगा हातात पाना घेऊन गच्चीवर आणि तळघरात फिरतो म्हणून आईने नातेवाइकांत जाणं कमी केलं.

हरणीतल्या एका नव्या सोसायटीत त्याला त्याच कंपनीचा, तोच पंप उघडावा लागला. बिघाड मोटरचा होता. पण हाउसिंग बघून तो तसाच बसून राहिला. घर जाड केलं होतं. आणि ज्या बाजूने ते हलत होतं नेमक्या त्या बाजूला आधाराची एक नवी पट्टी ओतलेली होती, रिब म्हणतात तिला. बाहेरून पंप जसाच्या तसा. नाव तेच, रंग तोच.

त्या रविवारी मीही त्याच्याबरोबर गेले. भावाने काकांच्या उशाशी बसून, हाताने आकार दाखवत दाखवत सगळं सांगितलं. काका ऐकत होते. डावा हात भावाच्या मनगटावर होता. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग शब्द आला. "कधी?"

"माहीत नाही, काका. या वर्षी बनवलेला पंप होता."

"आपल्या…" ते म्हणाले आणि पुढे सरकेनात. आपल्यामुळे का, असं त्यांना विचारायचं होतं. भावाला ते कळलं, मलाही कळलं. भाऊ म्हणाला, "तेही माहीत नाही." त्याला हो म्हणता आलं असतं. आजारी माणसाला कुणीही हो म्हटलं असतं. पण जे मोजलेलं नाही ते तो बोलायचा नाही. काकांनी डोळे मिटले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत राहिलं. काकूंनी पदराने पुसलं.

त्या थंडीत काका गेले.

बेसणं, म्हणजे सांत्वनाची बैठक, नागरवाड्यातल्या घरीच होतं. कंपनीतलं फारसं कुणी फिरकलं नाही. पण डिझाइनचे प्रमुख आले. फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. आम्ही दाराशी होतो. जाताना त्यांनी भावाला ओळखलं आणि थांबले.

भावानेच विचारलं, "सर, नव्या पंपाला रिब कधी टाकली?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं नाही, टाळलं नाही. "तक्रारी यायला लागल्या तेव्हा. पंप परत येत होते. आम्ही तुमची जुनी वाचनं काढून बसलो. कुठली बाजू आधी हलते ते त्यात स्पष्ट होतं. रिब त्यावरूनच टाकली."

"काकांना सांगितलंत?"

"ते सोडून गेले होते."

"इथेच होते, सर. या घरात."

ते खाली बघत राहिले. "खरं आहे," म्हणाले. मग विचारलं, "तू काय करतोस सध्या?"

"तुमचेच पंप दुरुस्त करतो."

त्यांचा चेहरा बघून मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. ते म्हणाले, "उपक्रम परत सुरू होतोय. नवे लोक आहेत. तू ये. मी सांगतो त्यांना." ते मनापासून बोलत होते, याबद्दल मला शंका नाही. भावाने हात जोडले, त्यांना नमस्कार केला आणि आत वळला.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांनी विचारलं, "कोण होते ते?"

"कंपनीतले." मग तो म्हणाला, "काकू, काकांचं बरोबर होतं. पंप आमच्या वाचनांवरूनच सुधारला त्यांनी. आत्ता सांगितलं."

काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रडल्या नाहीत. "त्यांचं बरोबर होतं हे मला कुणी सांगायला नको होतं रे," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायला हवं होतं."

दारात आणखी माणसं आली होती. मी उठून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.